पत्ता: लॅम्सीच्या अलीकडे

दुबईत घर मिळतं, गाडी मिळते, नशीब जोरावर असेल तर घराखाली पार्किंगही मिळतं. पत्ता तेवढा मिळत नाही. मी १९८३ साली इथे आलो, तेव्हापासून बिनपत्त्याचा आहे. पोस्टमन दारात येतो ही पद्धतच इथे नव्हती. पत्रं यायची ती कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर. ऑफिसबॉय ती आणायचा, त्यावरची भारतीय तिकिटं त्याच्या पुतण्यासाठी फाडून घ्यायचा आणि उरलेलं पत्र माझ्या टेबलावर यायचं. सांगलीला आईला हे काही केल्या पटेना. "गल्ली नाही, घर नंबर नाही, नुसता पेटीचा आकडा," तिने लिहिलं होतं, "मग दरमहा भाडं नेमकं कशाचं भरतोस?"

कुणाला घरी बोलवायचं तर खुणेवर. अमक्या हॉटेलसमोर, तमक्या राउंडअबाउटच्या पुढे, तिसऱ्या वळणावर बकाला आहे त्याच्या डोक्यावर. बकाला म्हणजे किराण्याचं दुकान, आणि किराण्याच्या दुकानातला मल्याळी पोरगा हा अख्ख्या अमिरातीत माझा पत्ता माहीत असलेला एकमेव इसम. फोन उचलून "दूध, अंडी" एवढंच म्हणायचं. मी कोण, कुठला, हे तो आवाजावरून ओळखायचा. बाकी जगाला खुणा लागायच्या.

आणि खुणांना तेव्हा काही तोटा नव्हता. खाडीपलीकडच्या डेरा भागात क्लॉक टॉवर होता (तो अजून आहे, त्याचे उपकार), फिश राउंडअबाउट होता, अल घुरैर सेंटर होतं, खाडीच्या तोंडाशी हयात रीजन्सीत चक्क बर्फावर घसरायची सोय होती. टॅक्सीला मीटर नव्हता. काच खाली करायची, उकाड्यातच भाव ठरवायचा आणि मग मागे बसून हुकूम सोडायचे: "सीदा, सीदा, दवार से यमीन," म्हणजे राउंडअबाउटवरून उजवीकडे. थोडं अरबी, थोडं उर्दू, बाकी हातवारे. एवढ्या भांडवलावर आम्ही इथे संसार उभे केले.

खाडीच्या अलीकडची दुबई म्हणजे बर दुबई, आणि तिथली मोठी खूण म्हणजे प्लाझा सिनेमा. अल घुबैबाच्या बस स्टँडसमोर. शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी आणि सुट्टी घालवायला जागा दोन: खाडी नाहीतर प्लाझा. जूनमध्ये खाडी बाद. तिकिटाच्या रांगेत पुढे पेशावर, मागे त्रिशूर आणि मध्ये चेंगरलेले आम्ही सांगली-रत्नागिरी. पडद्याच्या खालच्या अंगाला अरबी अक्षरं धावायची, त्यामुळे त्या वर्षांतल्या बऱ्याच नाचांत पाय कसे पडले ते मला अजून ठाऊक नाही. शनिवारी ऑफिसात कुणी सिनेमा कसा होता असं विचारत नसे. एसी कसा होता असं विचारत. पत्ता सांगायला मात्र प्लाझासारखी जागा नव्हती. 'प्लाझाच्या मागे', 'प्लाझाच्या डाव्या अंगाला', 'प्लाझावरून चालत पाच मिनिटं'. यातला शेवटचा पत्ता फक्त नोव्हेंबर ते मार्च चालायचा. पुढे प्लाझाचं नाव बदलून गोल्डन झालं. आम्ही प्लाझाच म्हणत राहिलो. मग गोल्डनही बंद पडलं. आम्ही प्लाझाच म्हणतो.

तिथून जवळच ॲस्टोरिया हॉटेलात पाँचो व्हिलाज नावाचं मेक्सिकन रेस्टॉरंट होतं. बँड, गर्दी, गोरे लोक. मी आत कधी गेलो नाही. माझा पगार आणि पाँचो व्हिलाज यांची ओळखच झाली नाही. पण 'पाँचो व्हिलाजच्या जवळ' हे मी इतक्या सहजपणे सांगायचो, की सुट्टीवर आलेल्या एका चुलत भावाने परत जाऊन सांगलीत माझ्या संध्याकाळच्या सवयींविषयी काळजी पसरवली.

शहराबाहेर खुणा विरळ होत, पण ठसठशीत. १९७९ साली वाळूत उभं राहिलेलं ३९ मजली ट्रेड सेंटर तर कुठूनही दिसायचं, कारण मध्ये आड यायला काही नव्हतंच. त्याच्या पुढे डिफेन्स राउंडअबाउट, शेजारी लष्करी तळ, कोपऱ्यावर थंडरबोल नावाचं बोलिंग. त्याच्याही पुढे मेट्रोपॉलिटन हॉटेल. दुबई मेट्रोपॉलिटनपर्यंत, पुढे अबू धाबी आणि उंट. मग १९९७ साली त्या उंटांच्या मुलखात हार्ड रॉक कॅफे आला, दारावर दोन राक्षसी गिटार उभ्या करून. अबू धाबीहून रात्री परतताना त्या गिटार दिसल्या की गाडीतली मुलं उठून बसायची, कारण आता घर आलं.

यातलं आज काय उरलंय विचाराल, तर ट्रेड सेंटर. तेही आता इतर इमारतींच्या खांद्यामागून टाचा उंचावून बघतं.

काळसुद्धा आम्ही खुणांनीच सांगतो. सन-महिना विचारू नका. 'सलिक लागायच्या आधी', म्हणजे गर्हूद पुलावरून जायला चार दिरहम पडायला लागले त्या २००७ च्या अलीकडे. 'मेट्रो खणत होते तेव्हा.' 'शुक्रवार-शनिवार सुट्टी झाली ना, त्या वर्षी.' आमच्या लेकीचा जन्म कधीचा असं विचारलं तर बायको सांगते, "शारजात वादळानंतर सचिनने धुतलं ना, त्याच्या पुढच्या आठवड्यात." ऐकणारा मराठी असेल तर तो २२ एप्रिल १९९८ पासून मोजून तारीख काढतो आणि वर १४३ धावा झाल्या होत्या हेही सांगतो. सरकारी फॉर्म भरताना मात्र याचा उपयोग होत नाही.

या खुणांची एक श्रेणी असते, हे नवख्यांना लवकर कळत नाही. चार जुने लोक चहाला जमले की जो जास्त जुनी, जास्त नाहीशी झालेली जागा सांगेल तो जिंकतो. मी प्लाझा टाकला की रत्नागिरीचा माझा मित्र थंडपणे म्हणतो, "प्लाझा राहू दे. मी द्वारका बोटीने आलो. ट्रेड सेंटर उभं राहायचं होतं." द्वारका मुंबई-आखाताच्या फेऱ्या करायची ती १९८२ पर्यंत, त्यामुळे विमानाने आलेल्या आम्हा सगळ्यांची तोंडं तिथेच बंद. एकदा मात्र मीना बाजारातल्या एका म्हाताऱ्या सिंधी शेठजींनी त्याचीही उतरवली. "मैंने यहाँ रुपये में धंदा किया है," ते म्हणाले. दिरहम आला १९७३ साली. त्याच्या आधी कतार-दुबई रियाल, आणि त्याच्याही आधी, १९६६ पर्यंत, या खाडीकाठी आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेले रुपये चालायचे. मित्राने चहा संपवला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

तर, पत्ता. माझ्या या सगळ्या हालांचा हंगाम म्हणजे गणपती.

करामा नावाच्या वस्तीत आम्ही शेख हमदान कॉलनीत राहायचो. लग्नानंतर पहिल्यांदा गणपती बसवला तेव्हा दर्शनाला येणाऱ्यांसाठी मी हाताने एक नकाशा काढला, ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर सगळे गेल्यानंतर त्याच्या प्रती काढल्या आणि वाटल्या. नकाशा सुरेख होता. डावीकडे रमाडा हॉटेल, त्याची ती उत्तुंग रंगीत काच मी तिरप्या रेघांनी दाखवली होती. खाली ट्रेड सेंटरचा राउंडअबाउट. वर खाडी, खाडीत एक होडी (होडीची गरज नव्हती, पण जागा रिकामी होती). लोक त्या नकाशाचं कौतुक करत यायचे, वेळेवर यायचे आणि मोदक संपायच्या आत यायचे. पुढे लॅम्सी प्लाझा उघडला, आत लंडनचा पूल आणि धबधबा असलेला मॉल. मी नकाशात त्याची भर घातली. मग शहराने माझा नकाशा खोडायला घेतला. राउंडअबाउट गेला, त्याच्या जागी फ्लायओव्हर आले. रमाडा बंद झालं. लॅम्सी बंद पडलं. शेवटी शेख हमदान कॉलनीच पाडली. तिथे नवं चकचकीत संकुल आलं आणि आम्ही दोन गल्ल्या सरकलो. नकाशावर आता खरी अशी एकच गोष्ट राहिली आहे: खाडीतली होडी. पलीकडे जायला तेव्हा पन्नास फिल्स पडायचे, आता एक दिरहम. एवढ्या वर्षांत फक्त दुप्पट झालेली दुबईतली ही एकच वस्तू असावी.

गेल्या गणपतीला भाचा पहिल्यांदाच घरी येणार होता. नुकताच पुण्याहून नोकरीला आलेला, राहायला मरीनात, गाडी भाड्याची. बायकोने त्याला लोकेशन पाठवलं होतं. पण ती पिन आमच्या इमारतीवर न पडता मागच्या मशिदीच्या पार्किंगमध्ये पडते, आणि तिथे शिरायचा रस्ता एकेरी आहे. त्यामुळे त्याचा फोन आलाच.

"मामा, मॅप गोल गोल फिरवतोय."

"मॅप बंद कर. मी सांगतो. ट्रेड सेंटर राउंडअबाउटला ये."

"इथे राउंडअबाउट नाहीये. नुसते पूल आहेत, एकावर एक."

"मग डिफेन्स राउंडअबाउटला मागे जा."

"ते काय असतं?"

"बुर्ज खलिफा दिसतोय का?"

"मामा, तो सगळीकडूनच दिसतो."

बायको आरतीचं तबक घेऊन उभी होती. तिने इमारतीच्या दारावरची मकानीची पाटी आठवून दिली. मकानी म्हणजे सरकारने प्रत्येक दाराला दिलेला दहा आकडी नंबर. तो टाकला की माणूस थेट उंबऱ्यावर पोचतो अशी योजना आहे. योजना उत्तम आहे. फक्त तो नंबर आपल्या इमारतीच्या बाहेर लावलेला असतो आणि आपण आत असतो. मी जिने उतरून खाली गेलो, चष्मा विसरलो म्हणून वर आलो, परत खाली गेलो आणि दहा आकडे मोठ्याने वाचले. भाच्याने नऊच लिहून घेतले.

मेट्रोची खूण द्यावी तर तिथेही पंचाईत. शेख झायेद रोडवरच्या एका स्टेशनाचं नाव आधी नूर इस्लामिक बँक होतं, मग नूर बँक, मग अल सफा, मग ऑनपॅसिव्ह. मेट्रो सुरू झाली २००९ साली. इतक्या नावांचा माणूस असता तर विमानतळावर अडवला असता.

शेवटी मी भाच्याला म्हणालो, "आजूबाजूला टॅक्सी उभ्या आहेत का बघ. त्यांतला सगळ्यांत म्हातारा, दाढीवाला खानसाहेब शोध आणि त्याच्या हातात फोन दे."

मिळाले. करक चहा पीत उभे होते.

"खानसाहब, शेख हमदान कॉलनी मालूम?"

"मालूम है. तोड दिया."

"और लॅम्सी?"

"बंद हो गया."

"बस, उन दोनों के बीच में."

"अच्छा, अच्छा," खानसाहेब म्हणाले. "नीचे बकाला है?"

पुढच्या आरतीच्या आत भाचा दारात होता. खानसाहेब पुढे टॅक्सी घेऊन, हा मागे. भाडं घेतलं नाही. मी मोदक दिले तर म्हणाले, "हाँ, ये वाला मालूम है, गणपती का," आणि दोन उचलले. ते १९७९ साली आलेले निघाले. म्हणजे माझ्यावर चार वर्षांनी मात. मी वाद घातला नाही.

भाच्याच्या मनावर या प्रकाराचा फार परिणाम झाला. दोन म्हातारे, दोन नसलेल्या जागा, आणि तो बरोबर पोचला. त्याने जाहीर केलं की त्याला जुनी दुबई बघायची आहे आणि ती मीच दाखवायची.

इथे मला एक सांगायला हवं. जुनी दुबई सध्या नवीन बांधून तयार आहे. खाडीकाठी अल सीफला जा. गेल्या दशकात उभारलेल्या इमारती, पण भिंतींचा गिलावा मुद्दाम उडवलेला, लाकूड मुद्दाम जुनं केलेलं, आणि त्या जुनाट भिंतीआड स्टारबक्स. तिथून पुढे फहिदी, जुन्या व्यापाऱ्यांची वाऱ्याच्या मनोऱ्यांची घरं, ती खरोखर जुनी आणि नीट जपलेली. मोत्यांच्या व्यापाराच्या काळाला जागा आहे. गगनचुंबी काळाला तर आहेच. मधली, काँक्रीटची, खिडकीतल्या गळक्या एसीची, व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांची दुबई मात्र जपण्याइतकी जुनी कुणालाच वाटली नाही. आणि नेमकी तीच आमची. मी भाच्याला ती दाखवायला निघालो, म्हणजे गाडीतून एकेका ठिकाणी नेऊन तिथे काय नाही ते दाखवलं.

"इथे मेट्रोपॉलिटन होतं." तिथे आता एक सोडून तीन टोलेजंग हॉटेलं.

"इथे सफा पार्क. याच्या या भागात तुझ्या मामेबहिणीला सायकल शिकवली." तिथून एक बोट गेली. २०१६ साली शेख झायेद रोडखालून कालवा काढला, त्याने बागेचा लचका तोडला.

"इथे प्राणिसंग्रहालय होतं. १९६७ पासून. पन्नास वर्षं चाललं." कुंपण.

"इथे शिकागो बीच." समोर बुर्ज अल अरब. भाच्याला वाटलं मी आता नावंही रचायला लागलो. मग त्याला समजावलं, की शिकागोच्या एका कंपनीने समुद्रातल्या तेलासाठी प्रचंड टाक्या याच किनाऱ्यावर बांधल्या आणि तरंगवत नेऊन पाण्याच्या तळाशी बसवल्या. ती कंपनी गेली, नाव किनाऱ्याला चिकटलं, किनाऱ्यावरच्या हॉटेललाही. शुक्रवारी आम्ही पाच-सहा कुटुंबं डबे घेऊन यायचो. पोहे, ढोकळा, एक मोठा थर्मास. कुणी अडवायचं नाही. मग हॉटेल पाडलं. आता समोरच्या त्या शिडाच्या इमारतीत नुसतं डोकवायचं तरी आधी बुकिंग करावं लागतं.

भाचा प्रत्येक ठिकाणी उतरून फोटो काढत होता. नंतर त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकले. ताईचा सांगलीहून फोन आला, "दादा, त्याला नुसती पार्किंगं काय दाखवलीस रे?"

देवळाच्या गल्लीत मात्र मीच जरा गडबडलो. बर दुबईतल्या मोठ्या मशिदीमागची ती चिंचोळी गल्ली: हार, नारळ, उदबत्त्या, फोटो, वर दोन जिने चढून शंकर आणि कृष्ण. गणपतीच्या आदल्या दिवशी दूर्वांची पाकिटं तिथेच मिळायची, विमानाने आलेली, थोडी दमलेली. २०२२ साली जेबेल अलीत नवं देऊळ झालं, प्रशस्त, संगमरवरी, पार्किंगसकट. जुन्या गल्लीतलं शंकराचं देऊळ २०२४ च्या सुरुवातीला तिकडे हललं. नवं देऊळ छान आहे, त्यात वाद नाही. धक्काबुक्की नाही, चपला हरवत नाहीत. पण गल्लीत चपला हरवल्या तर एक बरं असायचं, समोरच्या दुकानात नव्या घेता यायच्या, आणि त्या दुकानदाराला आपला नंबर पाठ असायचा.

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर तेव्हा फार सुख होतं का? छे. एसी गळायचा, घरी फोन करायचा तर घड्याळाकडे बघत बोलावं लागायचं, आणि चॅनल ३३ वर हिंदी सिनेमा लागला की सगळ्या बिल्डिंगची माणसं आमच्या एका खोलीत, कारण टीव्ही आमच्याकडे. मला ती दुबई परत नको आहे. मला फक्त पत्ता सांगता यायला हवा.

एका बाबतीत मात्र आम्ही जिंकलोय. शेख झायेद रोडवर एक जुनी इमारत आहे, गच्चीवर टोयोटाची मोठी पाटी असलेली. खरं नाव वेगळंच. ते कुणालाही माहीत नाही. २०१८ साली ती पाटी उतरवली. शहर पुढे गेलं, पण लोक टोयोटा बिल्डिंगच म्हणत राहिले. टॅक्सीवाले, कुरिअरवाले, मी. काही वर्षांनी पाटी परत चढवली. त्या दिवशी मी आणि रत्नागिरीच्या मित्राने एकमेकांना फोन करून अभिनंदन केलं.

यंदा बायकोने नकाशा काढूच दिला नाही. मशिदीचं पार्किंग टाळून पिन कशी लावायची ते ती भाच्याकडून शिकली आणि मंडळाच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर तिने लोकेशन टाकलं. खाली इमारतीचा फोटो, दहा आकडी मकानी, वेळ. एकदम चोख. पाच मिनिटांत डेऱ्याहून उत्तर आलं: "वहिनी, हे लॅम्सीच्या अलीकडे की पलीकडे?" त्याखाली दुसरं: "रमाडावरून डावीकडे ना?" तिसऱ्याने नुसतंच विचारलं, "नकाशा नाही का यंदा?"

ती बराच वेळ फोनकडे बघत बसली. मग तिने टाइप केलं: "अलीकडे. मोदक एक वाजेपर्यंतच."